भोंगा वाजला आणि तू चेंडू खाली ठेवलास

सर्व खेळाडू, पंच, प्रेक्षक आणि काळेवाडीच्या बाजूने नदी ओलांडून मैदानात शिरलेल्या म्हशी यांना या पत्र्याच्या कर्ण्यातून अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आपल्या हौशी महिला बास्केटबॉल संघाच्या कप्तान सुमनबाई या एक वाद अर्धवट टाकून मैदानाबाहेर गेल्या आहेत. पंचांना विचारलेले नाही. बदली खेळाडू दिलेला नाही. हे वर्तन नियमाला धरून नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

घे. केली जाहिरात. तू असतीस तर पदर खोचून आली असतीस आणि म्हणाली असतीस, "शांताताई, कर्णा खाली ठेवा, लोक बघतायत." लोक बघायलाच आलेले असतात गं, सुमन. एवढी साधी गोष्ट तुला शेवटपर्यंत पटली नाही.

कॉलनीच्या हस्तलिखित अंकात तुझ्यावर चार शब्द लिहा, असं मला सांगून गेलेत. "मनमिळाऊ, सुस्वभावी, असं काहीतरी येऊ द्या," म्हणाले. मनमिळाऊ कोण? तू? जिने मला एका चुकीच्या पासबद्दल सबंध पाळीभर डोळ्यांनी शिव्या दिल्या ती? कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरायच्या खोलीत तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, बोलायला मनाई, समोरासमोर आपण दोघी, आणि फडक्याच्या वर तुझे ते दोन डोळे. बाहेरच्यांना वाटायचं, काय शांतपणे काम करतात बायका. आपलं तिथे कडाक्याचं भांडण चाललेलं असायचं.

तुला काय झालं, कसं झालं, हे मी इथे लिहिणार नाही. ताप आला आणि आठवडा भरायच्या आत तू गेलीस, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. आपण ज्या बाटल्या भरत होतो त्याच तुझ्या उशाशी ओळीने उभ्या होत्या. त्या बाटल्यांशीही माझं भांडण आहे. पण ते नंतर. आधी तुझ्याशी.

आपल्या स्पर्धेचा इतिहास पुढे कोणी लिहील असं मला वाटत नाही. पुरुषांच्या कबड्डीचा लिहितील, फोटोसकट. म्हणून बायकांच्या बास्केटबॉलचा मीच सांगून टाकते. पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत संघ दोनच उतरले, पुण्याचा आणि आपला. त्यामुळे पहिला सामना हाच अंतिम सामना. आपण इतक्या गुणांनी हरलो की कर्ण्यातून गुण सांगायचं सोडून मी हवामान सांगायला लागले. परत आलो तर कॉलनीत पेढे. जिल्ह्यात दुसऱ्या आल्या म्हणून. तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "दोनात दुसरं म्हणजे शेवटचं, शांताताई," तू माझ्या कानात म्हणालीस. मी म्हटलं, "लोकांना एवढं गणित कशाला सांगतेस? पेढा खा." तू पेढा खाल्ला नाहीस. मी तुझाही खाल्ला.

दुसऱ्या वर्षी शाळांचे वगैरे आणखी संघ आले आणि आपण उपांत्य फेरीपर्यंत गेलो. तिसऱ्या वर्षी मात्र खरा खेळ झाला. शेवटी पुन्हा पुणे आणि आपणच उरलो. एक सामना त्यांनी जिंकला, एक आपण. म्हणजे तिसरा निर्णायक सामना ठेवणं आलं. नाणं उडवलं आणि मैदान आपलं निघालं. जिंकेल तो मुंबईला राज्याच्या स्पर्धेला जाणार. आपल्या संघात मुंबई पाहिलेली मी एकटी, तीही लग्नाच्या खरेदीपुरती. कमल तर रात्रंदिवस समुद्र किती लांब असतो हे विचारत होती. ती छावणीतली निर्वासितांची मुलगी, संघात सगळ्यांत लहान. कराचीचा समुद्र सोडून आली तेव्हा इतकी छोटी होती की तिला तो आठवतही नव्हता. तिला मुंबईला जाऊन तो पुन्हा बघायचा होता. "बास्केट मी टाकीन, ताई, पण समुद्र दाखवायचा," असा तिचा तुझ्याशी सौदा.

सौद्यांची तू पक्की. या संघाची पायाभरणीच एका सौद्यावर झाली, आणि माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

तुला आठवतं ना, पुण्याच्या शाळेत शिकलेला हा खेळ तू इथे आणायचं म्हणालीस तेव्हा एकही घर बाईला सोडायला तयार नव्हतं. बॉयलरकडून निकामी पाइप मागून आणून आपण दोन खांब उभे केले, पिंपाच्या कड्यांच्या रिंगा केल्या, सुतळीची जाळी विणली. सगळं तयार, खेळायला कोणी नाही. सगळ्या सासवांचं एकच म्हणणं, सुमनची सासू काय म्हणते ते बघू. कारण नळावर शब्द चालायचा तो तुझ्या सासूचा, आत्याबाईंचा. चाकणकडच्या शेतकरी घरातली बाई, मुलाच्या नोकरीपायी या दोन खोल्यांत येऊन राहिलेली, पण बसायची अजून स्वतःच्या ओट्यावर बसल्यासारखी.

तू त्यांना मैदानावर घेऊन आलीस. मी कर्णा घेऊन शेजारी उभी होतेच. आत्याबाईंनी रिंगेकडे खालून वर बराच वेळ पाहिलं.

"ही टोपली?"

"व्हय, आत्याबाई," तू म्हणालीस. त्यांच्याशी बोलताना तू त्यांच्यासारखंच बोलायचीस.

"हिला बूड न्हाई."

"नसतंच. चेंडू वरून टाकायचा, खालून पडतो."

"आन् मग?"

"मग परत टाकायचा."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला हसू आवरेना. "बुडाशिवायच्या टोपलीत दिसभर चेंडू टाकत बसायचं," त्या म्हणाल्या, "आन् त्यासाठी शाळा शिकली." पण नाही म्हणाल्या नाहीत. अट घातली. सकाळची पाळी संपली की खेळा. संध्याकाळचा भोंगा झाला की बंद. भोंगा झाला म्हणजे पुरुष माणसं कारखान्यातून सुटली, ती घरी पोचायच्या आत घरात दिवा पाहिजे, चुलीवर आधण पाहिजे. "भोंग्याच्या वर एक चेंडू न्हाई," त्या म्हणाल्या. तू लगेच "व्हय" म्हणालीस. मी तुला कोपर मारलं. थोडी घासाघीस तरी करायची होतीस. मी बाजारात मेथीच्या जुडीसाठीसुद्धा याहून जास्त भांडते.

आणि मग तू तो शब्द असा पाळलास की बघणाऱ्याला वाटावं देवाला नवस बोललीस. भोंगा वाजला की चेंडू जिथे असेल तिथे जमिनीवर. पास अर्धा, उडी अर्धी, काही चालायचं नाही. एकदा माझ्या आयुष्यातली एकुलती एक बास्केट पडणार होती, चेंडू हातातून सुटणार तेवढ्यात भोंगा झाला आणि तू ओरडलीस, "खाली." मी ठेवला. चाळिशी ओलांडलेल्या बाईला त्या क्षणी काय वाटलं असेल, याचा तू विचार केला नाहीस. पण खरं सांगायचं तर त्यामुळेच एकेक घर उघडत गेलं. सासवांना भोंग्याबरोबर चपलांचा आवाज यायचा आणि सुना दारात दिसायच्या. घड्याळ नसलेल्या घरात आपण घड्याळ झालो होतो.

पुरुषांची कबड्डी मात्र गॅसबत्त्या लावून चालायची. त्यांच्या घरी आधण कोण ठेवत होतं, ते विचारायला कोणी मैदानावर कर्णा घेऊन उभं राहिलं नाही. मी राहायला तयार होते. तूच नको म्हणालीस.

आता निर्णायक सामन्याचा दिवस. पुण्याची बस दापोडीच्या पुलाजवळ पंक्चर झाली. आपण चुन्याने रेघा मारून, मुरमावर पाणी शिंपडून, पांढरे पायजमे घालून उभ्या. ते पायजमे तूच शिवून घेतलेस, आणि माझा असा शिवलास की त्यात मी आणि कमल दोघी मावलो असतो. सबंध कॉलनी बघायला जमलेली. पुढच्या बाकावर आत्याबाई, डोक्यावर पदर, हात मांडीवर. आणि ऊन उतरत चाललेलं.

मला तेव्हाच दिसलं की खेळ भोंग्यापलीकडे जाणार. मी तुला बाजूला घेतलं. आमचे हे बॉयलरवर, भोंग्याची साखळी यांच्याच हातात. म्हटलं, "यांना सांगून आजच्या दिवस जरा उशिरा वाजवायला लावते."

"नको," तू म्हणालीस. "त्या भोंग्यावर सगळ्या पिंपरीचा स्वयंपाक चढतो."

"मग आत्याबाईंना विचार. आजच्यापुरतं."

तू बाकाकडे पाहिलंस. पाय उचललास, एक पाऊल टाकलंस, आणि तेवढ्यात बस आली म्हणून पोरं ओरडली. तू परत फिरलीस. ते पाऊल मला अजून दिसतं, सुमन. एवढं चार हातांवर बाक होतं.

सामना कसा झाला ते सगळ्यांना पाठ आहे, मीच कर्ण्यातून सांगितला होता, आणि त्यानंतर नळावर, रेशनच्या दुकानात आणि दोन बारशांत. आपण एका गुणाने पुढे होतो. चेंडू तुझ्या हातात. पंचांच्या घड्याळात थोडीच मिनिटं उरलेली. काही करायचं नव्हतं, नुसता चेंडू आपल्यात फिरवत ठेवायचा होता. कमल हात वर करून मोकळी उभी. आणि भोंगा वाजला.

तू चेंडू खाली ठेवलास.

टाकला नाहीस, पडला नाही. वाकून, दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यासमोर तांब्या ठेवावा तसा ठेवलास. तुझ्या पाठोपाठ बाकीच्या चौघीही थांबल्या. कमलचे हात खाली आले. एकीने तर चपला शोधायला मान फिरवली. पुण्याची एक उंच मुलगी आधी बघतच राहिली. तिला वाटलं असेल, ही कुठली नवीन युक्ती. मग तिने चेंडू उचलला, दोन पावलं गेली आणि टाकला. सुतळीतून तो खाली पडला तेव्हा मैदानावर फक्त भोंगाच वाजत होता.

मी कर्ण्यातून ओरडले की ही बास्केट मोजू नका, खेळ थांबलेला आहे. पंच म्हणाले, शिट्टी वाजलेली नाही. मी म्हटलं, भोंगा वाजलाय. ते म्हणाले, "बाई, भोंगा तुमच्या कारखान्याचा आहे. सामन्याचा नव्हे." आणि नियम असा, की तक्रार कप्तानानेच करायची. सगळं मैदान तुझ्याकडे बघायला लागलं. तू नुसतं म्हटलं असतंस की गोंधळ झाला, आमच्याकडे भोंग्यावर खेळ थांबतो, तर पुण्याचे पंच काही वाईट माणूस नव्हते. ते वाट बघत होते. मला दिसत होतं.

तू बाकाकडे पाहिलंस. आत्याबाई जमिनीकडे बघत होत्या.

"बास्केट बरोबर आहे," तू म्हणालीस, आणि उंच मुलीला हात दिलास, आणि चपला घालून आधण ठेवायला निघून गेलीस. उरलेली मिनिटं खेळायलासुद्धा थांबली नाहीस. मी मैदानाच्या मध्यावर कर्णा घेऊन उभी. आपण एका गुणाने हरलो, आणि तेही मलाच सांगावं लागलं.

त्यानंतर कमल महिनाभर तुझ्याशी धड बोलली नाही. मी मात्र बोलत राहिले, आणि त्याची शिक्षा तुला रोज झाली. तू विसरलीस की मुद्दाम ठेवलास? इतकंच मला कळायला हवं होतं. सवयीने हात खाली गेले असतील तर मी तुला माफ करते. चूक कोणाचीही होते. पण तुला कळत होतं, शिट्टी आणि भोंगा यांतला फरक ठाऊक होता, आणि तरी एका म्हातारीला दिलेल्या शब्दासाठी तू पाच बायकांची मुंबई जमिनीवर ठेवलीस, तर मग मला तुझ्याशी भांडायचंय. आणि त्याहून जास्त भांडायचंय ते एका गोष्टीसाठी. विचारलं का नाहीस? चार हातांवर बाक होतं. त्या काय म्हणाल्या असत्या? फार तर नाही म्हणाल्या असत्या.

तू दर वेळी एकच उत्तर द्यायचीस. "शिट्टी वाजली नव्हती, शांताताई." जसं काही मी पंच आहे.

ताप यायच्या आधीच्या आठवड्यात आपण कॅन्टीनच्या मागे चहा घेत होतो. मी पुन्हा विषय काढला. या वेळी तू चिडली नाहीस. कपाकडे बघत म्हणालीस, "तुम्हाला खरं सांगू का? मी त्या दिवशी..." आणि भोंगा वाजला. तू उठलीस. मी म्हटलं, बस गं, वाक्य तरी पुरं कर. "उद्या," तू म्हणालीस. चेंडू ठेवावा तसं वाक्य खाली ठेवून निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी मला पाळी बदलून मिळाली होती, मग तुला ताप, मग काय.

याला काय म्हणायचं? त्या भोंग्याने माझं इतकं नुकसान केलंय आणि मी त्याच्या साखळीवाल्याशी संसार करतेय. घरात यांना दोन दिवस जेवायला वाढलं पण बोलले नाही. हे बिचारे म्हणाले, "अगं, मी काय केलं?" काही नाही केलंत. तेच तर.

आता खरी बातमी ऐक. तू गेलीस आणि घरं एकेक करून बंद व्हायला लागली. अगदी सभ्यपणे. "सुमनबाई होत्या तोवर ठीक होतं." "आता जबाबदारी कोणाची?" मी म्हटलं, माझी. तर हसल्या गं सगळ्या. माझ्या शब्दावर या कॉलनीत कोणी वाटीभर साखरही उसनी देत नाही, कारण परत करताना मी त्यासोबत गोष्ट देते. कमलची आई म्हणाली, एक शेवटचा सामना सुमनच्या नावाने खेळा आणि मग बस करा. यंदाची जिल्ह्याची स्पर्धा महिन्यावर आलेली, आणि आपला संघ संपणार. तुझ्या शब्दावर उभा होता, तुझ्याबरोबर जाणार. बघ, किती पक्कं बांधकाम केलं होतंस. एक खांब काढला की सगळं खाली.

तुझ्यावर रागवता रागवता मला एक सांगायचं राहूनच जातं, ते इथे घुसडते. या वयात मला धावायला तू लावलंस. लग्नानंतर मी कधी धावले नव्हते. बाई धावते ती घराला आग लागली तरच, असं मला वाटायचं. पहिल्या दिवशी तू मागून ओरडत होतीस, "पळा, शांताताई, कोणी बघत नाही," आणि सगळे बघत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मी मैदानाबाहेर पळत गेले आणि बाभळीपाशी जाऊन थांबले. मी खेळात कामाची नाही हे तुला त्याच दिवशी कळलं. तरी तू मला काढलं नाहीस. तेलाचा डबा कापून हा कर्णा करून आणलास. बाकी सगळ्यांनी मला जन्मभर गप्प बस म्हटलंय. तू एकटीने आवाज मोठा करायचं साधन हातात दिलंस.

तर, शेवटचा सामना परवा झाला. आपल्यातच दोन बाजू केल्या. पायजमे घातले. तुझी जागा रिकामी ठेवली, म्हणून एका बाजूला पाच आणि एका बाजूला चार. बघायला फारसं कोणी नव्हतं. मी कर्णा घेऊन उभी होते पण गुण सांगत नव्हते, हवामानही नाही.

आणि आत्याबाई आल्या. तेरावं नुकतंच झालेलं, सुतकातून उठलेली बाई मैदानावर येते, हे बघून नळावरच्या दोघी-तिघी घागरी तशाच ठेवून मागे आल्या. आत्याबाई त्याच बाकावर बसल्या. डोक्यावर पदर, हात मांडीवर. त्या बघत होत्या. जमिनीकडे नाही, चेंडूकडे. एकदा रिंगेतून चेंडू खाली पडला तेव्हा त्यांची मान त्याच्याबरोबर खाली आली.

खेळ रंगात आला. कमल तुझ्यासारखी खांदा पाडून वळायला लागली आहे, ते तिचं तिला माहीत नाही. चेंडू तिच्या हातात, समोर रिंग मोकळी, आणि भोंगा वाजला.

कमलने चेंडू खाली ठेवला. तुझ्यासारखाच. वाकून, दोन्ही हातांनी. बाकीच्या थांबल्या. सगळ्या चपलांकडे निघाल्या. एवढाच होता तो संघ. मीही कर्णा खाली ठेवला.

तेव्हा मागून बाक करकरलं. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. पदर डोक्यावरून खाली आलेला, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. भोंग्याच्या वर आवाज काढायचा म्हणून त्या जवळजवळ ओरडल्याच.

"उचल गं त्यो चेंडू. भोंगा काय, रोजच वाजतोय."